पत्र्यावरचे दगड

मे महिन्यातल्या भर दुपारी परभणीत नाहीतर औशात एखाद्या जुन्या माळवदाच्या घरात शिरावं. बाहेर पारा 42 च्या पुढे, आणि ढाळजेत, म्हणजे दाराच्या आतल्या ओसरीत, पाऊल टाकलं की अंग निवतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर किलचा, म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, आणि पाला, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाशी सामना करायला याहून स्वस्त सोय कुणी काढलेली नाही. कूलरवाल्यांनी तर नाहीच.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला पाच-एक मिनिटं असताना, किल्लारी-सास्तूर पट्ट्यात हीच सोय माणसांच्या अंगावर आली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं उशिरा झोपलेली. 6.2 तीव्रतेचा भूकंप जगाच्या हिशेबात मध्यमच. हजारो माणसं गेली ती घरांखाली.

मराठवाड्यात घराची तयारी करणं अवघड आहे ते यामुळेच. इथं ऊन, टंचाई, वीज, गारपीट, वादळ, अतिवृष्टी आणि जमिनीचे हादरे हे सगळंच आलटून पालटून येतं, आणि एकासाठी केलेला बंदोबस्त दुसऱ्या वेळी अंगावर उलटतो. टॉर्च, शिट्टी, बिस्किटं अशी जी छापील यादी सगळीकडे फिरते, ती ही भानगड सांगत नाही.

माळवदाचंच गणित बघा. 10 बाय 10 ची खोली आणि वर दीड फूट माती धरली तर ते ओझं सहा-सात टनांचं होतं. पावसात माती भिजली की आणखी जड. बांधताना थर एवढा नसतोच. दर एक-दोन वर्षांनी गळतंय म्हणून वर नवी पांढरी पसरली जाते, जुनी कुणी काढत नाही, आणि आजोबांच्या काळातला वीतभर थर नातवाच्या डोक्यावर दोन हात होतो. भिंतीचा दोष वेगळा. ती जाड दिसते, पण आतली आणि बाहेरची अशा दोन पातळ भिंती असतात आणि मधे चिपा आणि माती भरलेली. दोन्हींना आरपार जोडणारा लांब दगड वापरलेला नसला, की हादऱ्यात बाहेरची बाजू बाहेर आणि आतली आत कोसळते. ज्या घरांचं ओझं भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होतं, त्यांतल्या काहींच्या भिंती पडल्या तरी सांगाडा उभा राहिला, हे किल्लारीत नंतर दिसलं.

माळवद पाडून टाका असा याचा अर्थ नाही. जुनी माती आधी उतरवावी, खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि वर सहा-आठ इंचच माती घालावी. गारवा थोडा कमी होतो, गळती थांबते, ओझं निम्म्याहून कमी होतं. भिंतीत साधारण दर तीन फुटांवर आरपार भोक पाडून, त्यात दोन्ही टोकांना वळवलेली सळई घालून काँक्रीट भरता येतं. भोक पहारीनं ठोकून पाडू नये, भिंतच ढिली होते. दगड हलक्या हातानं एकेक सैल करून काढावा लागतो आणि त्याला कसबी गवंडी लागतो. चारी भिंतींना दारांच्या वरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा मिळाला तर उत्तमच. हिंगोली जिल्ह्यात 2024 मध्ये मार्चात आणि जुलैत 4.5 चे हादरे बसले, तेव्हा हे सगळं इतिहासाचं प्रकरण आहे असं समजू नये.

भूकंपानंतर लोकांनी माळवदाचा धसका घेतला आणि पत्रा आला. भूकंपाला पत्रा चांगला, हलका असतो. पण मे महिन्यातलं वादळ आलं की तो उडतो, म्हणून माणसं त्यावर दगड ठेवतात. गावाबाहेरून बघितलं तर प्रत्येक छपरावर दहा-बारा दगड. याइतकी फसवी तयारी दुसरी नसेल. वादळ पत्र्याला खाली दाबत नाही, वर ओढतं. ताशी 100 किलोमीटरचा वारा 10 बाय 10 च्या छपराला 400 किलोंहून अधिक जोरानं वर उचलतो, शिवाय वाऱ्याकडचं दार उघडं राहिलं तर आत शिरलेली हवा खालून ढकलते ती वेगळीच. दहा-दहा किलोंचे दहा दगड त्यापुढे किती टिकणार? पत्रा उचलला की ते आत घरंगळतात, आणि आत माणसं झोपलेली असतात. हादरा बसला तरी आधी तेच खाली येणार. भूकंपाच्या भीतीनं हलकं केलेलं छप्पर आपणच पुन्हा दगडांनी जड केलेलं.

पत्रा धरतो तो हूक-बोल्ट. बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर बसवावा, खोलगट भागात नाही. तिथं पाणी वाहतं, भोक गंजतं आणि मोठं होतं. वॉशर उन्हानं कडक होऊन तडकलेले असतील तर बदलावेत. ओढ सगळ्यात जास्त वळचणीला आणि कोपऱ्यांना बसते, म्हणून मधे एक सोडून एक उंचवट्यावर बोल्ट चालतो, पण कडेला प्रत्येक उंचवट्यावर हवा. एवढं करूनही बरीच छपरं अख्खी उडतात, कारण पत्रा खालच्या लोखंडी अँगलला घट्ट असतो आणि अँगल मात्र भिंतीवर नुसता ठेवून वर दोन विटा लावलेल्या असतात. अँगलची टोकं भिंतीतल्या काँक्रीटमध्ये गाडलेली हवीत. ते जमत नसेल तर निदान जाड तारेचा पीळ देऊन दोन-तीन फूट खाली भिंतीत पक्क्या बसवलेल्या सळईला बांधावीत. आणि अशा सैल अँगलला बाळाचा झोका बांधू नये. वारं सुटलं की बाळ आधी खाली घ्यावं, मग दारातलं वाळवण.

पाण्याची गोष्टही अशीच उलटते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत 5 लाख लिटर. तेव्हापासून पाण्याची टिपाडं (पिंपं) नाहीत असं घर शोधावं लागेल. हिशेब सोपा आहे. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरले तर पाच माणसांना 200 लिटरचं एक टिपाड आठ दिवस पुरतं. पण साठवलेलं स्वच्छ पाणी डेंग्यूच्या डासाला फार आवडतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडं कोरडं करा असं आरोग्यसेवक सांगतात. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावात हे ऐकून माणूस कपाळाला हात लावणार. मधला मार्ग असा: पिण्याच्या टिपाडाला झाकणाखाली जुन्या धोतराचं दुहेरी कापड दोरीनं आवळून बांधावं, खर्चाच्या पाण्याची टिपाडं आळीपाळीनं संपवावीत, आणि रिकामं झालेलं टिपाड काथ्यानं घासूनच भरावं. नुसतं विसळून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात. सिमेंटच्या हौदात गप्पी मासे सोडले की काम संपलं.

पुरानंतर हापशाचं आणि विहिरीचं पाणी गढूळ येतं तेव्हा त्यात लगेच टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकू नये, माती आणि घाण क्लोरीन खाऊन टाकतात. आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावं, मग वरचं पाणी वेगळं काढावं. टीसीएलचं प्रमाण 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे टिपाडाला एक ग्रॅम. पूड वाटीभर पाण्यात कालवून, खाली बसू देऊन, वरची निवळी तेवढी ओतावी आणि अर्धा तास थांबावं. पुडीचं तोंड उघडं राहिलं असेल तर वास घ्या. उग्र वास येत नसेल तर तिच्यात दम उरलेला नाही.

विजेचं शास्त्र लोकांना माहीत असतं, पण आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, ते आठवत नाही. लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आखाड्यावरचं चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड म्हणजे पक्कं घर नव्हे, आणि लिंबाचं झाड तर नव्हेच. जवळ काहीच नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये. वीज जमिनीतून पसरते तेव्हा दोन पायांतलं अंतर जितकं जास्त तितका धक्का मोठा. बैल दगावतात ते याच कारणानं, त्यांचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात. घरातली अर्थिंग मात्र सगळ्यांच्या विस्मरणात गेलेली असते. अवकाळीच्या विजा मार्च ते मे या काळात पडतात आणि नेमकं तेव्हाच खड्ड्यातलं कोळसा-मीठ ठार कोरडं झालेलं असतं. पाडव्यापासून मृगापर्यंत आठवड्याला एक बादली पाणी तिथं ओतावं. कपडे धुतलेलं चालतं.

आता दाराचा प्रश्न. वीज म्हणते आत बस, भूकंप म्हणतो बाहेर पळ, आणि बाहेर पावसाळ्यात मण्यार, विषारी साप. हादऱ्याच्या भीतीनं लोक अंगणात जमिनीवर झोपतात आणि मण्यार झोपेतच चावते. दुखत फारसं नाही, म्हणून दवाखान्यात जायला उशीर होतो. बाहेर झोपायचं तर बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. दार पावसाळ्यात फुगतं, ते पहिल्या पावसानंतर रंधून घ्यावं. एरवी खांदा लावून उघडणारं दार हादऱ्यानं चौकट तिरकी झाली की मुळीच उघडत नाही. आतून कुलूप लावायची सवय असेल तर किल्ली दाराजवळच्या एकाच खिळ्याला. मांडणीवरचे पितळी हंडे खालच्या फळीवर आणावेत, लोखंडी कपाट वरच्या बाजूला भिंतीला ठोकून टाकावं. चपला उशाशी, कारण फुटलेली काच अंधारात दिसत नाही.

पुराचा अनुभव मराठवाड्याला नवा वाटायचा, 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरनंतर तसं म्हणता येणार नाही. पाणी दारात यायच्या आधी मेन स्विच पाडावा, आल्यावर त्याला हात लावू नये. गॅसची टाकी बंद करून टोपी लावावी आणि खिडकीच्या गजाला बांधावी, भरलेली 14.2 किलोची टाकीसुद्धा पाण्यावर तरंगते आणि रेग्युलेटर ओढून नेते. गोठ्यात सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे खांबाला अडकवलेला विळा. भिजलेल्या दाव्याची गाठ बोटांनी सुटत नाही, साखळीची कडी अंधारात सापडत नाही. गुरं सोडली तर पोहून निघतात, बांधलेली तशीच जातात.

खाण्याच्या बाबतीत मात्र बाजारातलं काही आणायची गरज नाही, आपल्या बायकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवलं की चूल लागत नाही. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ, असेल तर उकळत्या पाण्यात दहा मिनिटांत आमटी होते. धपाटे दोन-तीन दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी, लाह्या आणि फुटाणे त्याहून कितीतरी जास्त. पाच माणसांच्या तीन दिवसांना सहा-सात किलो कोरडा जिन्नस पुरे. तो पत्र्याच्या डब्यात ठेवावा, उंदीर प्लास्टिकला दाद देत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या आठ दिवसांच्या जादा असाव्यात. टॉर्चचे सेल टॉर्चबाहेर ठेवावेत, आत राहिले की पाझरतात आणि ऐनवेळी टॉर्च लागत नाही. स्मार्टफोनच्या जोडीला एक साधा बटणांचा फोन चार्ज करून ठेवला तर तो कित्येक दिवस चालतो. 112, 108, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा 1077 आणि गॅसगळतीचा 1906 हे नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूनं नाही, रंगानं लिहावेत.

राहिले कागद. सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, पासबुकं, विम्याची पावती हे सगळं चेन असलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत, माळ्यावर नाही, दाराजवळ. घराचे चारी बाजूंनी आणि जनावरांचे कानातल्या बिल्ल्यावरचा 12 आकडी नंबर वाचता येईल असे फोटो आधीच काढून ठेवावेत, पंचनाम्याच्या वेळी तेच कामी येतात. झेरॉक्सचा एक संच गावाबाहेर, लेकीच्या सासरी ठेवावा. भावकीत ठेवू नये. त्याची कारणं मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाहीत.