तुम्ही विचारलंत म्हणून: रिस्क-फाइव्हची संस्था स्वित्झर्लंडला का गेली?

मी पुण्यात अभियांत्रिकीच्या मुलांना प्रोसेसर डिझाइन शिकवते. रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरच्या खुल्या आराखड्याचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, अमेरिकेचे कायदे चुकवायलाच ही संस्था स्वित्झर्लंडला गेली ना?"

कायदे असे चुकत नाहीत. संस्था कुठेही नोंदवा, अमेरिकी कंपन्यांना अमेरिकेचे निर्यात नियम लागू राहतातच.

प्रोसेसरला कोणत्या आज्ञा कळाव्यात, याचा रिस्क-फाइव्ह हा खुला आराखडा. बर्कलीच्या विद्यापीठात २०१० मध्ये त्याचं काम सुरू झालं. पुढे तो सांभाळायला अमेरिकेतच एक ना-नफा फाउंडेशन निघालं. मे २०१९ मध्ये अमेरिकेने हुआवे या चिनी कंपनीला निर्बंधांच्या यादीत टाकलं आणि इतर देशांतल्या सभासदांना घोर लागला, उद्या आपल्यावर ही वेळ आली तर? संस्थेवर तेव्हा कसलंही बंधन नव्हतं. पण चिपमध्ये वर्षानुवर्षं पैसा ओतणाऱ्याचं "अजून तरी काही झालेलं नाही" एवढ्यावर समाधान कसं व्हावं? मला ती भीती रास्त वाटते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो क्रे महासंगणक द्यायचं नाकारलं, तेव्हा १९८८ मध्ये इथे पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा आपला महासंगणक तयार झाला. प्रत्येक देशाला, त्यातून छोट्या कंपनीला, हे झेपणारं नाही.

मार्च २०२० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नवी असोसिएशन स्थापन झाली. तिथल्या नागरी संहितेनुसार उद्देश, निधी आणि कारभार सांगणारी लेखी घटना केली की तेवढ्यावरच अशा संस्थेला कायदेशीर अस्तित्व मिळतं. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्था नोंदवलेल्यांना हे ऐकून नवल वाटेल. अशा स्थलांतरात खरी दमछाक होते ती सभासदांचे करार, ट्रेडमार्क, बँक खाती आणि कर यांची घडी नव्याने बसवताना. माणसं आहेत तिथूनच काम करू शकतात.

मग मिळालं काय? २०२३ मध्ये काही अमेरिकी लोकप्रतिनिधींनी रिस्क-फाइव्हवर निर्बंध मागितले, तेव्हा त्यांचा रोख होता चिनी कंपन्यांसोबत काम करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांवर, संस्थेवर नाही. संस्थेची घटना, तिचं मतदान, तिचे सभासद हे सगळं आता स्विस कायद्याखाली आहे.

तेव्हा तुमच्या प्रकल्पासाठी हा आराखडा निर्धास्त वापरा. तयार चिप किंवा डिझाइन विकत घेणार असाल, तर मात्र विकणारी कंपनी कोणत्या देशाची आहे ते आधी बघा.