कुणासाठी चाललंय हे?

सोमवार, रात्री

आमच्या वन्यजीव उपचार केंद्रात एक मुलगा खारीची तीन पिल्लं घेऊन आला. डोळे मिटलेले, अंगावर धड लवही नाही. फांदी छाटताना घरटं खाली आलं म्हणे. आई दिसली का विचारलं, तर म्हणाला, "ती वरच ओरडत होती की." म्हणजे पिल्लं अनाथ नव्हतीच. ती अंगाला गार लागत होती, म्हणून आधी ऊब दिली. मग खोक्यात कापड, कापडाखाली कोमट पाण्याची बाटली, आणि त्याला सांगितलं की हे त्याच झाडाला मांजर पोचणार नाही अशा उंचीवर बांध आणि लांब जाऊन बस. चांगलाच हिरमुसला तो. पिल्लं वाचवून आणली म्हणून कौतुक होईल असं त्याला वाटत होतं, आणि मी त्याला पिल्लांसकट परत धाडत होते.

संध्याकाळी त्याचा फोन आला. खारीने एकेक करून दोन पिल्लं तोंडात धरून नेली. तिसऱ्यासाठी ती आली नाही. अंधार पडल्यावर ते आमच्याकडे आलं.

तीनातली दोन परत गेली, हा मी उत्तम दिवस धरते. "अनाथ" म्हणून येणारी बरीच पिल्लं अनाथ नसतात, उचललेली असतात. हरिणी पाडसाला गवतात दडवून दूर चरायला जाते, कारण ती जवळ राहिली तर शिकाऱ्याला पिल्लाचा पत्ता लागतो. ससे पिल्लांना दिवसातून एखाद-दोन वेळाच पाजतात, बाकी वेळ फिरकतही नाहीत. पंख फुटलेलं पाखरू जमिनीवर टुणटुणत असतं तेव्हा त्याचे आईबाप आसपासच चारा शोधत असतात. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात, ही समजूत तर इतकी पक्की आहे की फोनवर ती खोडून काढण्यातच माझा निम्मा वेळ जातो. जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी बिबट्याचे बछडे सापडतात, तेव्हा ते खोक्यात घालून रात्री त्याच जागी ठेवतात आणि मादी येऊन घेऊन जाते. बिबटीण माणसाच्या वासाला बधत नाही, तर बुलबुल कशाला बधेल?

मंगळवार

तिसरं पिल्लू जगलंय. रात्री त्याला दूध दिलं नाही म्हणून नवी मदतनीस मुलगी माझ्यावर रुसली होती. "ताई, उपाशी आहे ते." असेल. पण गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही. त्यात दूध गेलं तर ते पचत नाही, तिथेच राहून नासतं. आधी ऊब, मग साखर-मिठाचं पाणी, आणि मग दूध. हा क्रम उलटा केला की पिल्लू पोटभर दूध पिऊन मरतं.

आणि दूध कुठलं, हा पुढचा प्रश्न. गाईचं दूध वासरासाठी असतं, एवढी साधी गोष्ट आपण विसरतो. हूडेड सील या थंड समुद्रातल्या प्राण्याच्या दुधात साधारण ६० टक्के चरबी असते, कारण बर्फावरच्या त्या पिल्लाला आई जेमतेम चार दिवस पाजते. काळ्या गेंड्याच्या दुधात चरबी १ टक्कासुद्धा नसते. दोन्ही आयाच, पण एकीचं दूध दुसरीच्या पिल्लाला विष. केनियात डॅफ्ने शेल्ड्रिक यांनी हत्तीच्या तान्ह्या पिल्लांसाठी दूध शोधण्यात वर्षं घालवली. हत्तीच्या पिल्लांना गाईच्या दुधातली चरबी सोसत नव्हती. शेवटी खोबरेल तेल घातलेलं मिश्रण चाललं आणि त्यावर आयशा नावाची हत्तीण वाढू लागली.

आमचं काम एवढं थोर नाही. रोज त्याच वेळी वजन करायचं, आणि एका वेळी वजनाच्या साधारण ५ टक्के दूध. पिल्लाला पालथं धरायचं, उताणं कधीच नाही, नाहीतर दूध फुप्फुसात उतरतं. सिरिंजचा दांडा थेंबाथेंबाने दाबायचा. नाकातून दूध आलं तर तिथेच थांबायचं. पाजून झालं की ओल्या कापसाने खालून हळूच पुसायचं. आई चाटते तेव्हाच ही पिल्लं शी-शू करतात, एरवी नाही. हे फोटोत कुणी दाखवत नाही.

बुधवार

मदतनीस मुलीने विचारलं, "ह्याला नाव नको का ठेवायला?" मी म्हटलं, वहीत नंबर लिही. तिला ते निर्दय वाटलं असणार. मलाही वर्षानुवर्षं तसंच वाटत आलंय. पण नाव ठेवलं की हाक मारली जाते, हाक मारली की ते येतं, आणि येतं याचं आपल्याला सुख होतं. ते सुख आपलं. त्यातून पिल्लाला काय मिळतं? सुटल्यावर पहिल्या माणसाकडे धावत जाण्याची सवय.

आयशाचं पुढे काय झालं ते तिला सांगितलं. डॅफ्नेबाई मुलीच्या लग्नासाठी थोडे दिवस दूर गेल्या, आणि त्या पिल्लाने खाणं सोडलं. गेलं ते. दूध बरोबर होतं, पण सगळा जीव एकाच माणसात अडकलेला. तेव्हापासून त्यांच्याकडे पिल्लांजवळ रात्री झोपणारे राखणदार आलटून पालटून बदलतात.

हत्तीचं पिल्लू कळपातलं. त्याला सोबत लागतेच, म्हणून तिथे उत्तर 'अनेक माणसं' असं आहे. पक्ष्यांत उत्तर 'माणूसच नको' असं असू शकतं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांना आई समजून त्यांच्या मागे चालणारी हंसांची पिल्लं सगळ्यांना गोड वाटतात. मला त्या हंसांच्या पुढच्या आयुष्याची काळजी वाटते. कॅलिफोर्निया कॉन्डोर, म्हणजे अमेरिकेतले गिधाडासारखे मोठे पक्षी, १९८७ साली अवघे २७ उरले होते, सगळे बंदिस्त. त्यांची पिल्लं वाढवणारी माणसं हातावर कॉन्डोरच्या डोक्याची बाहुली चढवून भरवत, स्वतः पडद्याआड राहून. एवढं करूनही सुरुवातीला सोडलेले पक्षी विजेच्या खांबांवर जाऊन बसत, माणसांच्या जवळ येत. काही दगावले. मग पिंजऱ्यात खोटे खांब उभारले. त्यांवर बसलं की सौम्य झटका. भीती शिकवावी लागली. आई असती तर ती फुकटात मिळाली असती.

मुलीने वहीत नंबर लिहिला. शेजारी पेन्सिलीने एक नावही लिहिलंय, बारीक अक्षरात. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

शुक्रवार

आमच्याकडे असलेल्या गव्हाणी घुबडाच्या मादीचा मोडलेला पंख जुळला, पण वाकडा. ती उडते, म्हणजे एका बाजूला झुकत खाली येते. अंधारात उंदीर धरायचा तर असं चालत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सोडता येणार नाही.

या प्रश्नाबद्दल आपल्याकडे मोकळेपणाने बोलत नाहीत. रानातला जीव उरलेलं आयुष्य पिंजऱ्यात काढतोय आणि माणूस जवळ आला की प्रत्येक वेळी भिंतीवर आपटतोय, याला वाचवणं म्हणायचं का? मला नाही म्हणवत. वेदनेतून सुटका देण्याची सुई हाही उपचारच आहे, आणि काही वेळा तोच एक शहाणा उपचार असतो. "ती जगली पाहिजे" असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा "माझे कष्ट वाया जाता कामा नयेत" असं म्हणत असतो.

पण ही मादी आपटत नाही. खाते, पिसं साफ करते, कुणी आत गेलं की चोच वाजवून फिस्कारते. आणि कालच दोन घुबडांची पिल्लं आलीत, गोदाम पाडलं तिथली. खरी अनाथ, आई त्याच पडझडीत गेली. आसपास घुबडांचं दुसरं चालतं घरटं मिळालं असतं तर त्यात ती सोडता आली असती, घुबडं परकी पिल्लंही भरवतात. शोधलं. नाही मिळालं.

रविवार

काल संध्याकाळी दोन्ही पिल्लं मादीच्या पिंजऱ्यात ठेवली, मध्ये जाळी. आज दुपारी जाळी काढली आणि आम्ही कॅमेऱ्यावर बघत बसलो. बराच वेळ तिने त्यांच्याकडे पाठ केली होती. पिल्लांचं घशातून खरखरणं मात्र थांबेना. शेवटी ती उतरली, उंदराचा तुकडा तोडला आणि धाकट्याच्या चोचीपुढे धरला.

आता मेलेले उंदीर खिडकीतून आत सरकवायचे, एवढंच आमचं काम. सबंध उंदीर, हाडांसकट. नुसतं मऊ मांस घातलं तर कॅल्शियमअभावी पिल्लांची हाडं वाकतात. पुढच्या महिन्यात पिल्लांना मोठ्या पिंजऱ्यात हलवायचं, तिथे पंख बळकट झाले की दार उघडं ठेवायचं, आणि शिकार जमेपर्यंत छपरावर खाणं ठेवत राहायचं. मादी इथेच राहील. पुढच्या हंगामातही पिल्लं येतीलच.

खारीच्या पिल्लाचं वजन आज वाढलंय. डोळे अजून मिटलेलेच. रात्रीचं पाजणं मुलीने मागून घेतलं. तिला एवढंच सांगितलं की पाजताना बोलायचं नाही.