अँब्युलन्स म्हणजे फिरता दवाखाना

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी फाइलमध्ये लिहून आलं, 'अँब्युलेट विथ वॉकर', म्हणजे वॉकर धरून चालवा. मी तिथेच अडकले, कारण अँब्युलन्समध्ये तर माणूस आडवा असतो, मग चालण्याचा काय संबंध? रात्री बाबा झोपल्यावर मोबाइलवर शोधत बसले.

दोघांचं मूळ एकच, लॅटिन 'आम्बुलारे'. डिक्शनरीत अर्थ देतात 'चालणे', पण मला विचाराल तर मराठीत 'फिरणे'च बरोबर बसतं. सुरुवातीचं 'आम्ब' म्हणजे भोवती, दोन्ही बाजूंनी, आपल्या संस्कृत 'अभितः'चं ते भावंड, आणि पुढचा भाग भटकणे अशा अर्थाच्या जुन्या धातूवरून आला असं मानतात. आपल्याकडे पण बघा, चाक फिरतं आणि आजोबा संध्याकाळी फिरायला जातात, क्रियापद तेच! श्रीमंत रोमनांच्या वाड्यात तर खास फेऱ्या मारायला जागा असायची, तिला म्हणायचे आम्बुलातिओ.

मग फ्रेंचांनी सैन्याबरोबर हलणाऱ्या हॉस्पिटलला 'ओपिताल आंब्युलां' म्हटलं, शब्दशः फिरता दवाखाना. पण तो असायचा लढाईपासून बराच मागे आणि जखमी सैनिक लढाई थांबेपर्यंत तसेच पडून राहायचे. दोमिनिक लारे नावाच्या सर्जनला 1792 मध्ये हे बघवलं नाही, त्याने हलक्या घोडागाड्या थेट रणांगणात न्यायची योजना केली, पुढे तो नेपोलियनच्या सैन्याचा मोठा सर्जन झाला. 'अँब्युलन्स' हे गाडीचं नाव म्हणून इंग्रजीत रुळलं ते नंतर, 1853-56 च्या क्रिमियन युद्धाच्या वेळी. आता 108 ला फोन केला की येते ती हीच.

इटलीत 'आम्बुलांते' म्हणजे फेरीवाला, तिथेही फेरी आहेच! आणि राज्यघटनेचं प्रीअँबल, म्हणजे उद्देशिका, हा शब्द मूळ अर्थाने पुढे चालणारा, आपल्या चोपदारासारखा.

पण मला सगळ्यात आवडलं ते 2200 वर्षांपूर्वीच्या प्लाउटस या रोमन नाटककाराच्या नाटकातलं, तिथे निरोप देताना म्हणतात 'बेने आम्बुला एत रेदाम्बुला', नीट जा आणि नीट परत ये. आमची आजी 'जाते' म्हणू द्यायची नाही, 'येते म्हण' म्हणायची, तेच ना हे. सकाळी बाबा वॉकर घेऊन दारापर्यंत निघाले तेव्हा मी त्यांना हेच म्हटलं, ते म्हणाले काय गं हे, मी म्हटलं सांगते, आधी फिरून या.