राजीनाम्याची तारीख

आज सकाळी राजीनामा दिला. मनाशी निर्णय कधीच झाला होता, परंतु नव्या ठिकाणचे नियुक्तिपत्र सहीशिक्क्यासह हातात पडेपर्यंत कार्यालयात कोणाजवळही शब्द काढायचा नाही असे ठरवले होते आणि ते पाळले. तोंडी आश्वासनावर विसंबून हातची नोकरी सोडणाऱ्यांची झालेली फरफट जवळून पाहिली आहे. 'रुजू कधी होता' म्हणून पाठपुरावा करणारी मंडळीच काही आठवड्यांनी भरती स्थगित झाल्याचे कळवतात, आणि तोवर इकडे जागेवर दुसऱ्याचे नाव पक्के झालेले असते.

काल रात्री जुने नियुक्तिपत्र काढून नोटिशीच्या मुदतीचे कलम पुन्हा वाचले. रुजू होताना आपली नजर पगाराच्या आकड्यावर असते, त्यामुळे हे कलम बहुतेक जण सोडून जातानाच प्रथम नीट वाचतात. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, त्या काळात रजा घेतली तर तेवढे दिवस पुढे वाढतात का, शिल्लक रजा मुदतीत वळती करता येते का, आणि उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर मोकळे होता येते का, एवढे त्यात पाहायचे असते. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर सहकाऱ्याच्या 'आपल्याकडे चालते' या भरवशावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्र अगदी लहान ठेवले. मी अमुक पदाचा राजीनामा देत आहे, नियुक्तिपत्रातील मुदतीनुसार माझा कामाचा शेवटचा दिवस अमुक तारीख असेल, आणि तोपर्यंत हातातील काम सोपवून देईन, एवढाच मजकूर. कारण लिहिले नाही. ते विचारले गेले तर बोलता येते, पण कागदावर उतरलेली तक्रार वर्षानुवर्षे फाइलीत राहते आणि पुढे ती कोण, कोणत्या हेतूने वाचेल यावर आपला काहीच ताबा नसतो. आधी विभागप्रमुख मॅडमना समक्ष सांगितले आणि त्यानंतर लगेचच मनुष्यबळ विभागाला प्रत जोडून ई-मेल पाठवला. समक्ष सांगणे हा शिष्टाचार झाला. मुदत मात्र लेखी नोंदीवरूनच मोजली जाते, म्हणून दोन्ही एकाच दिवशी झालेले बरे. जर्मनीत तर राजीनामा कागदावर, स्वतःच्या हातच्या सहीनेच द्यावा लागतो, ई-मेल कायद्याने चालत नाही. शिवाय सर्वसाधारण मुदत ४ आठवड्यांची असून ती महिन्याच्या १५ तारखेला किंवा महिनाअखेरीसच संपावी लागते. उलट अमेरिकेतील बहुतेक खासगी नोकऱ्यांत कर्मचाऱ्याने मुदत द्यावी अशी कायद्याची सक्ती नाही, तरीही २ आठवडे आधी कळवण्याची रीत लोक पाळतात.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पैशांचा प्रश्न असेल तर सांगा, मी वर बोलून पाहते." मी आभार मानून नकार दिला. मागून मिळत नव्हती ती पगारवाढ जाण्याची तारीख कळताच कोठून आली, हा प्रश्न मनात उभा राहिला की त्या वाढीने थांबणाऱ्याचेही मन तेथे फार काळ रमत नसावे. शिवाय जाण्याची कारणे पगारापुरती नसतील, तर ती पुढच्या महिन्यातही जागच्या जागी असतातच.

तीन-तीन महिन्यांची मुदत मला अन्यायाची वाटते, हेही येथे लिहून ठेवतो. काम सोपवायला एवढा वेळ लागत असेल तर दोष त्या कामाच्या मांडणीत आहे. त्यातही एखादी कंपनी मनात आणले तर मुदतीचा पगार हातावर ठेवून त्याच संध्याकाळी ओळखपत्र परत घेऊ शकते. कर्मचाऱ्याला तेवढी रक्कम भरून सुटणे पुष्कळदा परवडत नाही आणि परवडले तरी मंजुरीसाठी ताटकळावे लागते.

तरीही मुदत पुरी करणार आहे, आणि ती कंपनीच्या धाकाने नव्हे. मध्येच उठून गेलो तर भार साहेब लोकांवर पडत नाही. तो पडतो शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यावर, ज्याला माझे काम त्याच्या कामासकट, त्याच पगारात, नवा माणूस येईपर्यंत ओढावे लागते. म्हणून दुपारी हस्तांतराची टिपणे सुरू केली. पूर्ण झालेल्या कामांची जंत्री करण्यात अर्थ नाही, ती फाइलींत सापडते. लिहून ठेवायचे ते अर्धवट राहिलेले, म्हणजे कोणाच्या उत्तराची वाट पाहणे चालू आहे, कोणता ग्राहक फोनवर ऐकतो पण पत्राला उत्तर देत नाही, कोणत्या तक्त्यातील आकडे दर तिमाहीला हाताने दुरुस्त करावे लागतात आणि का. पासवर्ड टिपणात लिहायचे नाहीत. ज्या प्रणालींत माझ्याच नावाने प्रवेश आहे त्यांची यादी देऊन तो अधिकार दुसऱ्याच्या नावे करून घ्यायचा.

सर्वांत अडचणीची बाब म्हणजे मी गेल्यानंतर येणाऱ्या तारखा. परवान्याचे नूतनीकरण आणि वार्षिक देखभालीचा करार या दोन्हींच्या सूचना केवळ माझ्या ई-मेलवर येतात, आणि ते खाते बंद होताच त्या कोणापर्यंतही पोहोचणार नाहीत. उद्या दोन्हीकडे पत्र पाठवून संपर्काचे नाव बदलून घ्यायचे आहे. कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवाचा दाखला आणि अंतिम हिशेब कधी मिळेल, हेही मनुष्यबळ विभागाकडून लेखी मागायचे आहे, कारण नव्या ठिकाणी रुजू होताना कार्यमुक्तीचे पत्र पहिल्याच दिवशी दाखवायचे आहे.