५५च्या काट्यावर ६८

ज्यांच्या गाडीत मी नवा गिअरबॉक्स बसवला होता त्या गिऱ्हाईक आजोबांचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच एका गाडीखाली आडवा होतो. वर्कशॉपच्या मालकाने फोन स्पीकरवर टाकून मुद्दाम माझ्या पायांजवळ धरला.

"पोलीस म्हणतो ताशी ६८ मैल. माझा काटा ५५वर होता, आणि रस्ताही ५५चाच. आता तूच सांग, त्याची वेग मोजायची बंदूक खोटी की तुझा गिअरबॉक्स?"

मी खालूनच म्हणालो, "बंदूक." तोंडातून निघून गेलं. मग गाडीखालून बाहेर आलो, हात पुसले, खोक्याच्या पुठ्ठ्यावर ५५ भागिले ६८ केलं. आलं ०.८१. त्याला एक्सलच्या आकड्याने, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे जेवढे फेरे त्या ४.१० ने, गुणलं. आलं ३.३२. आणि पोटात गोळा आला, कारण शेवरोलेच्या त्या एक्सलमध्ये ३.३१चा क्राऊन-पिनियन, म्हणजे शाफ्टचं फिरणं चाकांना देणारी दातेरी जोडी, मिळायचा हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. मामांचं गॅरेज शिवाजी उद्यमनगरात, शेजारी लेथ, समोर फाउंड्री. आता अकरा वर्षं डेट्रॉईटच्या उत्तरेला जुन्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये आहे. मसल कार म्हणजे साठच्या दशकातली मधल्या आकाराची गाडी आणि तिच्यात कोंबलेलं ट्रकला शोभेल असं इंजिन. ही आजोबांची १९६९ची शेवरोले शेव्हेल एसएस ३९६. आजोबा गाड्यांच्याच कारखान्यात कामाला होते, ओव्हरटाइमच्या पैशांतून नवी घेतलेली. ३९६ घनइंच म्हणजे साडेसहा लिटर; ३५० हॉर्सपॉवर, ४१५ पाउंड-फूट टॉर्क. मागे इंडियानातल्या मन्सी गावच्या कारखान्यातला चार गिअरचा बॉक्स.

चार गिअर, आणि चौथा एकास एक. म्हणजे इंजिन जेवढं फिरतं तेवढाच मागचा शाफ्ट. आपल्याकडच्या साध्या स्विफ्टचाही पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह असतो, इंजिनाच्या एका फेऱ्यात शाफ्टला एकाहून जास्त फिरवतो. या दांडग्या गाडीला तो नाही. हायवेला ताशी ७० मैलांवर इंजिन ओरडत राहतं. आजी गेली कित्येक वर्षं तिच्यात बसल्याच नव्हत्या. आजोबा म्हणायचे, "ट्रॅव्हर्स सिटीला मुलीकडे जायचं तर ही म्हणते, तू ये तुझ्या ड्रमसेटमधून, मी माझ्या गाडीने येते." म्हणून आजोबांना ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स हवा होता.

इथे आमच्या वर्कशॉपातल्या पोराने तोंड घातलं. पोरगा हुशार आहे, पण व्हिडिओ बघून हुशार झालाय. त्याचं एकच, सहा गिअरचा टी-५६ मॅग्नम घाला. का, तर ७०० पाउंड-फूट झेलतो आणि सहा हे पाचापेक्षा जास्त. गिऱ्हाइकंही हल्ली गिअरबॉक्स असाच मागतात, थाळीत वाट्या मोजल्यासारखा. मॅग्नम उत्तम बॉक्स आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो जाडजूड, आणि तो बसवायचा म्हणजे या गाडीच्या मधल्या बोगद्याचा पत्रा कापायचा. आजोबांची पहिली अट होती की एक इंचही पत्रा कापायचा नाही. दुसरी अट, मूळ मन्सी जपून ठेवायचा. दुसऱ्या टोकाला बोर्ग-वॉर्नरचा टी-५, हलका, स्वस्त, पण त्याची चांगली आवृत्तीसुद्धा ३३० पाउंड-फुटांची. ३९६ समोर त्याच्या दातांचा भुगा झाला असता. राहिला ट्रेमेकचा टीकेएक्स. पाच गिअर, ६०० पाउंड-फूट, आणि वरचा भाग जुन्या गाड्यांच्या बोगद्यात मावावा म्हणून मुद्दाम आखूड केलेला.

खरा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. टीकेएक्स तीन प्रकारच्या दातांत मिळतो. एकात पहिला ३.२७ (म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ३.२७), पाचवा ०.७२. बाकी दोन्हींत पहिला २.८७, पण पाचवा एकाचा ०.८१, दुसऱ्याचा ०.६८. यातला कुठला घ्यायचा हे बॉक्स बघून ठरत नाही, मागचा एक्सल बघून ठरतं. पहिला गिअर गुणिले एक्सल हा आकडा १० ते १२च्या दरम्यान हवा. त्याखाली गेला तर गाडी उठताना क्लच जळतो, वर गेला तर पहिला गिअर टाकतोय तोवर संपतो. आणि हायवेला इंजिनाचे मिनिटाला किती फेरे पडतील ते असं काढायचं: ताशी मैल गुणिले एक्सल गुणिले गिअर गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचातला व्यास.

एक्सल ४.१०. आजोबांनी छाती काढून सांगितलेलं. गाडीच्या मूळ कागदावर छापलेलं. मी एक्सलच्या नळीवरचा गंज घासून ठोकलेला कोडही वाचला, तोही ४.१०चाच. टायर २६ इंच. ७० मैलांना चौथ्यात ३७०० फेरे, ०.६८ने २५००. पहिल्याचा गुणाकार ११.८. एवढा चोख हिशेब वर्षातून एकदा जमतो. मी आजोबांना पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं. ३७००चा आकडा बघून ते खूश झाले. डॅशवर टॅकोमीटर नाही, तेव्हा तो जादा पैशांत मिळायचा, त्यामुळे आपलं इंजिन किती फिरतं हे त्यांनी पन्नास वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.

आता ज्या भागाचा मला अभिमान आहे तो सांगतो, कारण त्याच भागाची मला लाज वाटते.

मन्सी उतरवला तेव्हा तो खरंच मूळचा आहे का ते मी तपासलं. अंगावर गाडीच्या नंबराचे आकडे ठोकलेले होते, तारखेच्या कोडाशेवटी बी, इनपुट शाफ्टवर एक खाच, म्हणजे मन्सीचा एम-२१ हा प्रकार. हे सगळं ज्याला आम्ही खोक्यात घालणार होतो त्याच्यासाठी. त्याच्या शेपटातून स्पीडोमीटरचा प्लॅस्टिकचा चिमुकला गिअर निघाला, तो तळहातावर घेतला आणि पिशवीत टाकून चिठ्ठी लावली. त्याचे दात मोजले नाहीत.

मग बेलहाउसिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधली ही घंटा. तिचं भोक क्रँकशाफ्टच्या बरोबर मध्यावर यायला हवं. इंजिन ब्लॉकवरच्या दोन खुंट्यांवर ती बसते, आणि जुने ब्लॉक काही देवाने कोरलेले नसतात. जुना मन्सी थोडं वाकडं निमूट सोसून घेतो, नवा बॉक्स सोसत नाही. गिअर अडतो, वरच्या फेऱ्यांत तिसरा पडतच नाही, आणि मग लोक बॉक्सच्या नावाने शंख करतात. मर्यादा ५ थाऊ, म्हणजे इंचाचे पाच हजारांश. निम्मे लोक हे मोजतच नाहीत. मालकही म्हणाला, "बिलात कुठल्या नावाखाली लावू?"

मी मोजलं. स्पार्क प्लग काढले, फ्लायव्हीलवर चुंबकाचा स्टँड बसवला, डायल गेजची सुई भोकाच्या आतल्या कडेला टेकवली आणि पान्याने क्रँक सावकाश फिरवला. घड्याळातले बारा, तीन, सहा, नऊ. काटा १६ थाऊ हलला. म्हणजे मध्य ८ थाऊंनी सरकलेला. मग खालून-वरून किती, डावी-उजवीकडे किती ते कागदावर मांडलं, ७ थाऊंनी मध्य सरकवलेल्या खुंट्या मागवल्या, ब्लॉकमधल्या जुन्या खुंट्या न फोडता काढल्या (ही वेगळीच कथा), नव्या ठोकून स्क्रूड्रायव्हरने जरा जरा वळवत पुन्हा मोजलं. सहा वेळा. शेवटी २ थाऊवर आणून सोडलं. दीड दिवस गेला. उद्यमनगरात लेथवर वाढलेल्या माणसाला दोन थाऊंचं समाधान काय असतं ते मालकाला कळणार नाही.

पुढचं नेहमीचं. क्लच प्लेट १० दातांची होती ती २६ची घातली, मागचा योक (बॉक्सला शाफ्ट जोडणारा तुकडा) ३१ दातांचा, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून आणला, बॉक्स आणि पिनियनचे कोन जुळवले. शाफ्ट बाहेर होता तेव्हा पिनियनचं तोंड माझ्या हातात होतं. चाकाचा एक फेरा आणि पिनियनचे किती, एवढंच बघायचं होतं. पाच मिनिटांचं काम. कोनमापक लावला, कोन लिहिला, पुढे गेलो. नव्या बॉक्सचा स्पीडोमीटरचा गिअर कागदावरच्या ४.१०वरून काढून घातला.

चाचणीला गाडी काढली तेव्हा पाचव्यात गाडी जरा कुंथतेय असं वाटलं होतं. वाटलं होतं, हे लिहायलाच हवं. पण गिअर असे पडत होते, लोण्यात सुरी जावी तसे, की मी त्यातच हरखलो. कुंथण्याचं खापर कॅमशाफ्टवर, इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यावर, फोडलं. आजोबांनी कधीतरी ऐंशीच्या दशकात रेसचा कॅम टाकलाय, तो २२०० फेऱ्यांच्या खाली गुरगुरतो, हे मला माहीत होतं. ७०ला २५०० मिळणारच आहेत, मग काय अडचण?

मिळत होते २०३६. काट्यावर ५५ दिसायचं तेव्हा गाडी ६८ला. आजोबा बिचारे पाचव्यात धक्के खात, मागच्यांना आपण अडवतोय या समजाने उजव्या, म्हणजे इथल्या सावकाश लेनमधून चालले होते, आणि सगळ्या गाड्या आज एवढ्या हळू का चालल्यात याचं त्यांना नवल वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन आले. मी मागची दोन्ही चाकं उचलली, टायरवर खडूने रेघ मारली, शाफ्टवर एक मारली. पॉझिट्रॅक्शन आहे, दोन्ही चाकं बरोबर फिरतात. चाकाचा एक फेरा. शाफ्टचे तीन आणि एक तृतीयांशाला जरा कमी. मामा टेम्पोचा डिफरन्शियल उघडण्याआधी हेच करायचे, आणि मी दहा वर्षांचा असताना खडू धरून उभा असायचो. गिऱ्हाईक काय सांगतं याकडे मामांचं लक्षच नसायचं. आम्हाला तेव्हा तो त्यांचा तुसडेपणा वाटायचा.

एक्सलचं झाकण उघडलं, तेल पुसलं. क्राऊनच्या कडेवर ठोकलेलं होतं: ४३, १३. त्रेचाळीस भागिले तेरा. आजोबांनी चष्मा काढून, घालून, पुन्हा वाचलं. मला ओरडा खायची तयारी होती. त्यांनी ओरडा केला नाही, ते जास्त वाईट होतं. ते म्हणाले, "मी पन्नास वर्षं लोकांना फोर-टेन सांगतोय." ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, त्यात दर वर्षी खुर्ची टाकून ते हेच सांगत बसतात, हे मला माहीत आहे. मी स्वतः ऐकलंय.

मग ते बाहेर गेले आणि फ्लोरिडातल्या धाकट्या भावाला फोन लावला. १९७९मध्ये आजोबा दीड वर्ष दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात होते, गाडी भावाकडे. पेट्रोलच्या रांगा लागलेल्या. भावाने एका गॅरेजातून क्राऊन-पिनियन बदलून घेतला, आणि ३.३१ ला कॅरिअर, म्हणजे क्राऊन ज्याच्यावर बसतो तो भागही वेगळा लागतो, तोसुद्धा घातला. पठ्ठ्याने स्पीडोमीटरचा गिअरही न विसरता बदलला. म्हणून काटा कधी चुकला नाही, आणि म्हणून कुणाला कळलं नाही. गाडीतली रग गेली असं आजोबांना परत आल्यावर वाटलं होतं. इंजिन थकलं असं समजून त्यांनी तो रेसचा कॅम टाकला. ज्या गुरगुरण्यामुळे आता पाचवा गिअर चालत नव्हता, ते गुरगुरणं त्या पेट्रोलच्या रांगेतून आलं होतं.

पोराने यातून काढलेला निष्कर्ष असा की मॅग्नम घ्यायला हवा होता. त्याचा सहावा ०.६३ आहे, म्हणजे फेरे आणखीच कमी. मी उत्तर दिलं नाही.

वाटा दोनच होत्या. ३.७३चा क्राऊन-पिनियन, जो आहे त्या कॅरिअरवर बसतो, स्वस्त, आणि ७०ला २३०० देतो. किंवा कॅरिअरसकट ४.१०. मी ३.७३ सुचवला, आकडे लिहून दाखवले. आजोबांनी पुठ्ठ्याकडे बघितलंही नाही. "फोर-टेन," म्हणाले. सामानाचे पैसे त्यांनी दिले, मजुरी मी दोन शनिवारी फुकट केली. मालक याला माझा मूर्खपणा म्हणतो. मजुरी वर्कशॉपने सोसायला हवी होती असं माझं मत आहे, पण बेलहाउसिंगचा दीड दिवस आधीच त्याच्या अंगावर पडलेला, त्यामुळे मी ताणलं नाही. पोलिसाच्या पावतीचा दंड भरतो म्हटलं, तर आजोबा म्हणाले, तो भावाकडून वसूल होईल, व्याजासकट.

म्हणजे शेवटी माझा पहिला हिशेबच खरा ठरला. तोच बॉक्स, तोच ०.६८, ७०ला तेच २५००. मालक हसून म्हणतो, मग बिघडलं काय? हेच मला रात्री छळतं. दोन हजारांश इंचासाठी दीड दिवस भांडणारा मी, आणि एक खडूची रेघ मारली नाही, कारण कागद, शिक्का आणि म्हातारा माणूस तिघंही एकच सांगत होते.

काल चार-दहा बसला. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, बघितला, दातांना रंग लावून ठसा बघितला, झाकण लावलं, तेल भरलं. चाकं उचललेलीच होती. खडू घेतला. चाकाचा एक फेरा, शाफ्टचे चार आणि वर थोडंसं. क्राऊनवरचे ४१ आणि १० मीच तासाभरापूर्वी वाचले होते. तरी पुन्हा एकदा फिरवलं.