घटक संपला

बुधवार, रात्र

"घटक संपला गं," एवढंच म्हटलं. पाकीट घेतलं आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. तिसऱ्या बाकावरची, जिच्या बाबांनी ते कुवेतहून पाठवलं होतं, ती "बरं बाई" म्हणाली आणि वही काढून बसली. हट्ट नाही, डोळ्यांत पाणी नाही. घणसोली स्टेशनच्या जिन्यापर्यंत ते 'बरं' सोबत होतं. अजून आहे.

पैशांचा घटक सोमवारी आटोपला. फलक उतरवला, तिथे आता पाण्याची चित्रं लागलीत. वर्गात ४६ मुलं, शनिवारी पाठांचं टाचण दाखवायचं, पुढच्या आठवड्यात चाचणी. कुणाचं काय उशिरा आलं ते मी एकटीने कुठे कुठे बसवायचं? रोज दुपारपर्यंत घसा बसतो, ते कुणाला दिसत नाही. हे सगळं खरं आहे. तरी 'बरं' जात नाही.

पाकीट पिशवीत घालून घरी आणलंच. जेवणं झाल्यावर उघडलं. वहीच्या पुठ्ठ्यावर पाच नाणी ओळीने: ५, १०, २०, ५०, १०० फिल्स. प्रत्येकावर आडवा सेलोटेप. वर लिहिलंय, १००० फिल्स म्हणजे १ दिनार. ५० च्या पुढे 'खबूस' (तिथली रोटी), १०० च्या पुढे 'चहा'. आणि तळाशी, 'बाई, उशीर झाला. माणूस मिळत नव्हता.'

माणूस, म्हणजे सुटीवर इकडे येणारा. कारण नाणी टपालाने येत नाहीत. आंतरराष्ट्रीय टपालाचे नियम साध्या पत्रात नाणी-नोटा घालू देत नाहीत. पार्सल करावं तर इकडे सीमाशुल्क लागू शकतं, पाच नाण्यांपायी कोण त्या फेऱ्यात पडेल? मग कुवेतहून निघणाऱ्या कुणाच्या तरी आधीच फुगलेल्या बॅगेत पुठ्ठा सरकवायचा. आणि मी ग्रुपवर काय टाकलं होतं? 'परदेशातल्या पालकांनी तिथल्या वस्तू पाठवाव्यात, दहा तारखेपर्यंत.' मेसेज दोन तारखेचा. आठ दिवस! जूनमध्ये वार्षिक नियोजन हातात असताना कळवलं असतं तर चार महिने मिळाले असते. सहा आठवड्यांच्या आत तर मागूच नये.

'तिथल्या वस्तू' हेही मोघमच. असं लिहिलं की चॉकलेटं येतात आणि दुसऱ्या तासाला संपतात. हलकं आणि उपयोगाचं ते नाव घेऊन मागायला हवं: किराणा दुकानाची पावती, बसचं वापरलेलं तिकीट, किंमत छापलेलं वेष्टन, वर्तमानपत्राचं एक पान. पावती आली की त्याच दिवशी झेरॉक्स काढायची, तो कागद उष्णतेवर छापलेला असतो, काही महिन्यांत कोरा होतो. बिया, माती, रोपं नकोच, हेही स्पष्ट लिहायचं. त्यांतून कीड-रोग येतात म्हणून परवान्याशिवाय ती देशात आणता येत नाहीत.

आईने आज पाकीट देताना तिला काय सांगितलं असेल. जाऊ दे.

आधी टेप. त्याचा डिंक जुना झाला की धातूवर बसतो आणि मुलं नखाने, कंपासच्या टोकाने खरवडतात. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, अर्धा तास भिजत ठेवलं की बहुतेक टेप सुटतो. चिकटा राहिलाच तर शुद्ध ॲसिटोन, मोठ्या माणसाने, खिडकी उघडी ठेवून. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल-सुगंध मिसळलेले असतात. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर तर अजिबात नाही. चकाकी येते, पण नाण्याचा वरचा थर जातो आणि तो परत येत नाही. ठेवायचं कागदी पाकिटात. मऊ पीव्हीसीच्या अल्बममध्ये तांब्याचं मिश्रण असलेली नाणी हिरवट, चिकट होतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ती धास्ती जास्तच.

मग पेन्सिलने कागदावर नाण्यांची छाप. झेरॉक्सचा साधा कागद पुरतो, चित्रकलेचा जाड नको. ६बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची, टोक लावलं की कागद फाटतो. नाणं सरकतं आणि छाप दुहेरी येते, म्हणून ते क्लेच्या गोळ्यात अर्धं रुतवायचं. सगळ्या नाण्यांवर एका बाजूला शिडाचं जहाज आहे, ते छान उठेल. तिथली जुनी जहाजं बांधायला सागवान आपल्या मलबारहून जायचं.

दुसऱ्या बाजूला आकडा. ५० फिल्सवर आहे एक गोल आणि एक टिंब. आमची चौथी ते 'शून्य टिंब' वाचणार, कारण अरबीतला पाच आपल्या शून्यासारखा आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. अरबीत या आकड्यांना 'हिंदी अंक' म्हणतात, आपल्याकडूनच गेले म्हणून. हे मी पैशांच्या घटकात घेतलं असतं का? फलकावर टाचणीने लावलं असतं, खाली 'कुवेत' लिहिलं असतं, आणि सोमवारी उतरवलं असतं.

१९६१ पर्यंत कुवेतमध्ये आपला रुपयाच चालत होता. सोन्याच्या चोरट्या व्यापारापायी आपली परकीय गंगाजळी आटायला लागली, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. मग दिनार आला, एका रुपयाला ७५ फिल्स या हिशोबाने. म्हणजे दिनाराचे रुपये किती? १००० भागिले ७५. तेरा पूर्णांक एक तृतीयांश.

अपूर्णांक! पाण्यानंतर अपूर्णांकच आहेत. तिथे मी दरवर्षी भाकरीचे तुकडे काढते. या वर्षी नाणी काढीन. टेप तिच्याच हाताने सुटू दे, भिजवायचं भांडं मी नेईन. शुक्रवारी तिकडे सुट्टी असते आणि घड्याळ आपल्या अडीच तास मागे. आपल्या साडेअकराला त्यांचे नऊ, तिच्या बाबांना फोन उचलता येईल.

उद्या प्रार्थनेआधी तिला सांगायचं. चाचणी, टाचण, घसा, सगळं तसंच आहे, असू दे.

आत्ता तिच्या बाबांना लिहिलं: 'पाकीट मिळालं. तारीख मीच फार जवळची दिली होती. १०० फिल्सचा चहा कपात देतात की काचेच्या पेल्यात? मुलं विचारतील.'