आजीची मेमरी टेस्ट

आजीची मेमरी टेस्ट झाल्यापासून घरात सगळे एकच विचारतायत, तीसपैकी किती? जसा काही दहावीचा निकालच लागलाय.

मी टेस्टच्या वेळी शेजारीच बसले होते. (मध्ये बोलायचं नाही ही तंबी आधीच मिळालेली.) मोका म्हणतात त्या टेस्टला, २००५ची आहे, त्याच्या आधीची तशीच एक टेस्ट, एमएमएसई, १९७५ची, दोन्ही ३० मार्कांच्या. मोकात पाच शब्द ऐकवतात, दोनदा म्हणून घेतात आणि मग मुद्दाम दुसरीच कामं लावतात, शंभरातून सात वजा करत जा वगैरे, म्हणजे मनातल्या मनात घोकत बसता येऊ नये. पाचेक मिनिटांनी विचारतात, मघाचे शब्द कोणते?

आजीला दोन आठवले. मग डॉक्टर म्हणाले, "आजी, त्यात एक फूल होतं बघा," तर पटकन बोलली, आणि वर "मला येत होतं, तुम्ही घाई केलीत" हेही सुनावलं. हिंट देऊन आलेल्या शब्दाला मार्क नाही, पण डॉक्टर सगळ्यात जास्त तेच बघत होते. हिंटवर आठवलं म्हणजे शब्द डोक्यात शिरलाय, फक्त वेळेवर वर येत नाही, असं वयामुळे होतं, डिप्रेशनमध्येही होतं. अल्झायमरमध्ये बऱ्याचदा शब्द साठतच नाही, मग हिंट देऊनही फारसा उपयोग होत नाही. आता बी१२ आणि थायरॉइडची तपासणी करायला सांगितलीय, कारण त्यात बिघाड असला तरी विसरायला होतं.

मला खटकलं ते शिक्षणाचं. बारा वर्षं किंवा कमी शिकलेल्यांना मोकात एक मार्क जास्त देतात. आमची आजी चौथी पास, तिला आणि अकरावी झालेल्याला तोच एक मार्क?! टेस्टमध्ये घनाचं चित्रही काढायचं असतं, आणि पेन हातात धरून तसलं काही काढायची वेळ तिच्यावर आयुष्यात आली नव्हती. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांतल्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी १९९५च्या सुमाराला एमएमएसई बदलून हिंदी टेस्ट केली होती, त्यात स्पेलिंग उलटं सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने सांगायचे. ते वार तर आजीने चहा पिता पिता सांगितले असते.

आणि बाबा, घरी तेच पाच शब्द तिच्याकडून पाठ करून घेणं बंद करा प्लीज. पुढच्या वेळी शब्द वेगळे असू शकतात, पाठांतर चालू नये म्हणूनच त्या टेस्टच्या दोन-तीन आवृत्त्या काढल्यात. त्यापेक्षा कानाच्या मशीनची बॅटरी बदलून आणा, अर्धे प्रश्न तिला ऐकूच आले नव्हते.